मीनाकाठचा खेकडा आणि त्याच्या जागा

मृग लागला, दोन जोराच्या सरी पडून गेल्या आणि ओढ्याला गढूळ पाणी आले, की आंबेगाव-जुन्नरकडच्या गावांत एक जुना खेळ सुरू होतो. संध्याकाळी जेवणे लवकर उरकतात. कोणी कंदील पुसतो, कोणी बॅटरीचे सेल बदलतो, कोणी पत्र्याचा डबा शोधतो. घरातली म्हातारी ओरडते, "आरं, दिवडाच्या बिळात हात घालू नका!" आणि पोरे नदीकडे पळतात. निरगुडसर हे असेच मीनाकाठचे गाव. नाव ऐकताच निरगुडीचे झुडूप डोळ्यांपुढे उभे राहते, आणि ते झुडूपही ओढ्याच्या काठीच फोफावते. खाली थोड्या अंतरावर पारगावला मीना घोडीला मिळते. दोन नद्यांच्या कोनातल्या या रानात खेकडा कोठे बसतो हे ज्याला ठाऊक, त्याच्या कालवणाची चिंता मिटली, असे जुनी माणसे समजत.

आज त्याच जागांविषयी बोलायचे आहे. खेकडा धरण्यात ताकदीचे काम थोडे असते, सारे काम जागा ओळखण्याचे. आणि जागा ओळखण्याची विद्या कोणी पोथीत लिहून ठेवली नाही. बापाने लेकाला, आज्याने नातवाला काठावर उभे करून दाखवली, तेवढीच ती टिकली. इतिहासाच्या पुस्तकात राजे येतात, किल्ले येतात. शिवनेरी तर आपल्या उशाशीच आहे. पण त्या किल्ल्याखालच्या ओढ्यात रात्री चूड पेटवून कोण उतरत होते, ते बखरीत यायचे नाही.

प्रथम या पाण्याची ओळख करून घेऊ. मीना उगवते जुन्नरच्या पश्चिमेला, ढाकच्या डोंगराच्या पूर्व उतारावर. तिच्या खोऱ्याला जुनी माणसे मीनेर म्हणत. ती नारायणगावावरून पूर्वेकडे येते आणि आंबेगाव तालुक्यात शिरून घोडीला भेटते. घोड भीमाशंकरच्या उत्तरेच्या डोंगरांतून, आहुप्याकडून येते. तिसरी कुकडी, ती निघोजला खडकातले रांजणखळगे कोरून पुढे घोडीलाच मिळते. वरच्या अंगाला भाताची खाचरे, मधे खडक आणि डोह, खाली काळी माती. खेकड्याला हवे ते सारे या एका वाटेवर मांडून ठेवले आहे.

याच घोडीच्या काठी, खाली शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी ही त्यातली मोठी नावे. निघाले काय, तर इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे गाव. कुडाच्या भिंतींची घरे, बळदे, जव पिकवणारी शेती, पुराचे पाणी वळवणारा पाट. केरकचऱ्यात माशांची हाडेही मिळाली. आणि एका मातीच्या भांड्यावर लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली सापडली. पाहा, उन्हाळ्यात गुडघाभर पाणी नसणाऱ्या या नदीच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी डोळ्यांपुढे नाव होती! खेकड्याचे म्हणाल, तर त्याचे कवच पातळ, चुन्याचे. मातीत ते टिकायला कठीण. तो पुरावा मागे ठेवणारा प्राणी नव्हे. पण काठावर राहणारा, मासे खाणारा माणूस बिळातल्या खेकड्याला सोडून देत असेल, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

ग्रंथांत मात्र खेकडा आहे. चरकाने पाण्यात राहणाऱ्या प्राण्यांच्या यादीत कर्कटक घातला आहे, सुश्रुताने काळ्या खेकड्याचे मांस बलदायक म्हटले आहे. संस्कृतात याचे दुसरे नाव कुलीर, आणि कोकणी माणूस आजही कुर्ली म्हणतो. पंचतंत्रातली गोष्ट तर शाळेतल्या प्रत्येक मुलाला येते: ढोंगी बगळा मासे फसवून खातो, आणि शेवटी त्याची मान खेकडा कापतो. आमच्या लोकांनी मात्र खेकड्याच्या नावावर एकच गोष्ट चिकटवली, उघड्या टोपलीतल्या खेकड्यांची, जे एकमेकांचे पाय ओढतात. पाय ओढणारे आपण आणि बदनाम तो!

आता एक वेगळी हकीकत. १८२४ साली मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स नावाच्या फौजी अधिकाऱ्याला दख्खनच्या पाहणीच्या कामावर नेमले. जमीन, पिके, वस्ती यांची मोजदाद करायची हे त्याचे काम. पण गृहस्थ मोठा जिज्ञासू. पक्षी, मासे, जे दिसेल ते त्याने टिपले. माशांना नावे देताना त्याने आपल्या भोयांच्या तोंडचे शब्दच उचलले. 'रोहटी' हे मराठी नाव आज जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत एका माशाचे कुलनाम म्हणून छापले जाते. घाटमाथ्यावरच्या खेकड्यांविषयीही त्याने टिपण लिहिले, आणि १८३६ मध्ये ते लंडनच्या एका नियतकालिकात वेस्टवुड या प्राणिशास्त्रज्ञाने केलेल्या वर्णनासह प्रसिद्ध झाले. त्यात आपल्या या दख्खनी खेकड्याला लॅटिन नाव मिळाले क्युनिक्युलारिस, म्हणजे सशासारखा बिळे करून राहणारा. माशाच्या वाट्याला मराठी नाव आले, खेकड्याच्या वाट्याला नाही, याची मला उगीच हळहळ वाटते. त्याच सुमारास, १८२५ साली, बिशप हेबर हे कलकत्त्याचे धर्माधिकारी पुण्याला आले होते. पावसाळी गवतात लहान खेकडे नांग्यांनी गवत कापून, आपल्या अंगाएवढा भारा उचलून बिळाकडे पळताना पाहून त्यांना मोठी मौज वाटली, आणि ती त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवली. आपल्याकडे हे दृश्य पाहणारे हजारो होते. लिहिणारा परका निघाला.

असो. आता जागेकडे वळू. गोड्या पाण्याच्या खेकड्याची जागा ऋतूप्रमाणे बदलते, हे पहिले सूत्र. उन्हाळ्यात तो वर नसतोच. ओल जसजशी खाली जाते, तसतसा तो बीळ खोल करत तिच्या मागे जातो आणि वरून चिखलाने तोंड बुजवून घेतो. पहिल्या पावसाने ते बूच विरघळते. रात्री तो चरायला बाहेर पडतो. म्हणून मृग आणि आर्द्रा ही रात्रीच्या खेकड्यांची नक्षत्रे. आषाढात पूर आला, की मधल्या धारेत त्याचे चालत नाही. तेव्हा तो काठाला, झाडांच्या मुळांत, दगडी बांधाच्या सांदीत, पाटाच्या उतारावर येतो. भाद्रपदानंतर पाणी निवळले, की दिवसा दगड उलथून त्याला धरता येते. दगड मात्र सपाट हवा, खाली थोडी पोकळी हवी, आणि पाणी वाहते पण मंद हवे. खळाळत्या धारेतल्या दगडाखाली सहसा काही मिळत नाही, आणि कुजक्या, साचल्या पाण्यातला खेकडा कोणी खाऊ नये.

बीळ कसे ओळखावे? तोंडाशी ताज्या चिखलाच्या गोळ्या असतील, तर घरधनी आत आहे. तोंडावर कोळ्याचे जाळे असेल, तर घर रिकामे. खेकडा आडवा चालतो, म्हणून त्याच्या बिळाचे तोंड रुंदट, चपटे, उंदराचे गोल. पण या आडाख्यावर फार भिस्त ठेवू नये. ओसाड बीळ पाहून दिवड त्यात शिरतो, कधी नागही शिरतो. म्हणून जाणता माणूस आधी काठी घालून पाहतो, किंवा तारेची आकडी वापरतो. काही जण काठीला दोरी आणि दोरीला कोंबडीचे आतडे बांधून बिळापुढे सोडतात. खेकडा नांगीने धरतो आणि हावरेपणाने सोडत नाही, तसाच वर येतो. धरताना पाठीमागून, कवचाच्या दोन्ही कडांवर अंगठा आणि बोट. समोरून हात घातला, तर पुढचे आठ दिवस बोट सांगत राहते.

पश्चिमेकडे, आहुपे-भीमाशंकरच्या पट्ट्यात, महादेव कोळी आणि ठाकर मंडळींचा यात हातखंडा. ओढ्यातला प्रत्येक डोह, प्रत्येक कपार त्यांच्या ओळखीची. हौस म्हणून ते खेकडा धरत नव्हते. आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपत आलेले, नवे भात अजून दूर, अशा उपासमारीच्या दोन महिन्यांत रानभाजी आणि खेकडा यांनी कित्येक चुली चालू ठेवल्या.

हाच खेकडा घाट उतरून खाली गेला, की त्याचे जगच बदलते. जुन्नरहून नाणेघाटाने कल्याणला जाणारी वाट दोन हजार वर्षांची. घाटातल्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे, आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण वर बसला आहे. खालून मीठ, सुके मासे वर आले. सुकट आणि बोंबील आजही मंचरच्या बाजारात ढिगाने मिळतात. पण खाडीची चिंबोरी जुन्या काळी घाट चढली नसावी. मेला की खेकडा लवकर नासतो, आणि त्याला बैलाच्या पाठीवर दोन दिवस जिवंत ठेवणे सोपे नाही. म्हणून घाटावरच्यांचा खेकडा वेगळा राहिला, खालच्यांचा वेगळा.

खालच्या खाडीत जागा शोधायची तर पाय पुरत नाहीत, होडी लागते, आणि तीही लहान, उथळ पाण्यात सरकणारी. उत्तर ध्रुवाकडचे इन्युइट लोक सीलच्या कातड्याची, एका माणसापुरती अरुंद होडी करीत. तिला ते कयाक म्हणतात. आता तिच्या प्लॅस्टिकच्या नकला जगभर झाल्या आहेत, आणि परदेशात लोक त्यांत बसून किनाऱ्याकिनाऱ्याने खेकड्यांच्या जागा धुंडाळतात. आमच्या आगरी-कोळी बांधवांना ही नवलाई वाटायची नाही. लहान होडक्यातून ते हेच करीत आले. तिथे घड्याळ चालते चंद्रावर. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ अदमासे निघते. अष्टमी असेल, तर आठाची पाऊणपट सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भरतीचे पाणी कांदळवनात शिरते, तेव्हा चिंबोरी त्याबरोबर चरायला आत जाते, आणि ओहोटीला परत फिरते. मग तिची वाट अडवायची कोठे? जिथे कांदळवनातली लहान नाळ मोठ्या खाडीला मिळते, तिथे; जिथे उथळ चिखल एकदम खोल पाण्यात उतरतो, त्या कडेला. लोखंडी कड्याला जाळे बांधायचे, मधे माशाचे डोके बांधायचे, आणि पाणी फिरायच्या घटकेला ते ओळीने खाली सोडायचे. थोड्या वेळाने पहिल्यापासून उचलत जायचे. एका ठिकाणी दोनदा काही आले नाही, तर होडी पुढे. अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असे किनाऱ्यावर सांगतात, घाटावरही सांगतात. शास्त्र एवढेच म्हणते, की नुकतीच कात टाकलेला खेकडा आतून पाण्याने भरलेला, हलका असतो. पुढे कवच टणक होते तसे मांस भरत जाते.

तुम्ही म्हणाल, आमच्या मीनेत कुठली होडी? होती, पण निराळ्या रूपात. नद्या पार करायला आपल्याकडे सुक्या भोपळ्यांची सांगड असे, ताफा असे. कृष्णा-पंचगंगेच्या काठी गुळाची लोखंडी काहील पाण्यात लोटून माणसे पैलतीर गाठत. आता धरणाच्या पाण्यावर ट्रकच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब हीच गरिबाची होडी. तिच्यावर फळी टाकून बसायचे आणि हातानेच वल्हवायचे.

धरणे मात्र आमच्या नद्यांचा स्वभावच बदलून गेली. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणे झाली. मीना वडजला अडली, घोड डिंभ्याला. ज्या आंबेगाव गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते गावच डिंभ्याच्या पाण्याखाली गेले, आणि नाव तेवढे कागदावर राहिले. ज्यांची जमीन बुडाली, त्या आदिवासी कुटुंबांनी पुढे मच्छीमारांची सहकारी संस्था काढली आणि त्याच पाण्यात मासेमारी सुरू केली. त्यांच्यात काम करणाऱ्या शाश्वत संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. डोंगराच्या ओढ्यात हाताने खेकडे धरणारी माणसे होडी वल्हवायला शिकली, ती अशी. त्यांनी ती हौसेने शिकली असे मला म्हणवत नाही.

खाली निरगुडसरकडे चित्र उलटे. पूर्वी फाल्गुनात कोरडी पडणारी नदी, तिच्यात बंधाऱ्यांमुळे उन्हाळ्यातही पाणी दिसू लागले. कालवा आला, ऊस आला, घरात चार पैसे आले. हे नाकारण्यात अर्थ नाही. खेकड्यालाही बंधाऱ्याच्या दगडी पिचिंगमध्ये बारमाही घर मिळाले. पण त्याच वेळी शेतातून औषधांचे पाणी ओढ्यात उतरू लागले. पिकावरच्या किड्यांना मारणारी काही औषधे खेकड्या-कोळंबीला फार लवकर मारतात, कारण हे सारे सांध्यांच्या पायांचे जीव, किड्यांचेच दूरचे भाऊबंद. जुने लोकही रामेठ्याची साल कुटून डोहात टाकीत आणि मासे गुंगवीत. ते एका डोहापुरते असे, दोन दिवसांत पाणी निवळे. फवारणीचा पंप नदीत धुतला, तर ते पाणी किती डोह ओलांडून जाते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. आणि उसाने आणखी एक पाहुणा आणला, बिबट्या. माणिकडोहला जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावे लागले, यावरून त्याची संख्या समजा. रात्री काठावर कंदील कमी दिसतात, त्याचे एक कारण हेही आहे.

खेकड्यावर आळ मात्र जुनाच आहे. खाचराचा बांध फुटला, की शेतकरी खेकड्याला शिव्या देतो, आणि त्यात थोडे तथ्यही आहे. मातीच्या बांधात तो भोके पाडतो. पण २०१९ च्या जुलैत रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण रात्री फुटले, माणसे वाहून गेली, आणि त्याचाही दोष राज्याच्या एका मंत्र्यांनी खेकड्यांना दिला. तेव्हा लोक संतापले. काहींनी तर खेकडेच पोलीस ठाण्यात नेले आणि म्हणाले, घ्या, हे आरोपी! बांधाची डागडुजी कोणी करायची हा प्रश्न खेकड्याला विचारून काय उपयोग?

आता गुरुजींसाठी एक गोष्ट, वर्गात दाखवण्याजोगी. खेकडा उलटा करा. पोटाखाली एक झडप दिसते. ती अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी. खाडीची चिंबोरी लाखोंनी अंडी घालते, त्यांतून निघालेली सूक्ष्म पिले समुद्राच्या पाण्यावर दूरदूर वाहत जातात, आणि एका खाडीतली पैदास दुसऱ्या खाडीला भरून काढते. ओढ्याच्या खेकड्याचे तसे नाही. त्याची अंडी थोडी आणि मोठी. मादी ती झडपेखाली बाळगते, आणि त्यांतून निघतात ते एकदम पुरे खेकडेच, हरभऱ्याच्या डाळीएवढे किंवा त्याहूनही लहान. काही दिवस ते आईच्या पोटाशी चिकटून राहतात, मग त्याच ओढ्यात उतरतात. ते वाहून दूर जात नाहीत, आणि दुसरीकडून कोणी येतही नाही. म्हणूनच सह्याद्रीच्या एकेका डोंगरावर निराळी जात तयार झाली. २०१६ साली एकाच शोधनिबंधात पश्चिम घाटातल्या पाच नव्या जातींची नोंद झाली. आणि म्हणूनच एका ओढ्यातल्या पिलांच्या माद्या दोन पावसाळे उचलल्या, तर तो ओढा रिकामा होतो, तो शेजारच्या ओढ्याने भरत नाही. जुने लोक झडप उघडून पाहत, पिले दिसली की "लेकुरवाळी हाय, सोड तिला" म्हणून परत पाण्यात ठेवीत. लॅटिन नाव त्यांना ठाऊक नव्हते, पण एवढे ठाऊक होते.

आणखी एक सांगायचे राहिले. काविळीवर, दम्यावर खेकड्याचा कच्चा रस देण्याची चाल काही घरांत आहे. तसे करू नये. कच्च्या खेकड्यातून फुप्फुसात जाणारा एक कृमी असतो. आपल्या देशाच्या ईशान्य भागात त्याचे रोगी पुष्कळ आढळले आहेत, आणि त्याचा खोकला क्षयासारखा दिसतो. नांग्या ठेचून त्याचा रस्सा करा, वाटण घाला, पण चांगला रटरटू द्या.

यंदा नक्षत्र लागले, की संध्याकाळी मीनेच्या बंधाऱ्याखाली, जिथे पाणी पसरून मंद होते, तिथे उजव्या हाताच्या काठाला बघा. काठी बरोबर ठेवा, एकटे जाऊ नका, आणि एखाद्या म्हाताऱ्या बाबांना संगे न्या. ते बिळात हात घालणार नाहीत, पण कुठल्या बिळाशी थांबायचे ते सांगतील.